पार्शल नी रिप्लेसमेंट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि सरळ उत्तरं

आईच्या उजव्या गुडघ्याचं पार्शल ऑपरेशन झालं तेव्हापासून ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी फोन करून तेच तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. पण आईच्या वेळी इतकं वाचलं आणि इतक्या जणांना विचारलं की हा विषय डोक्यातून गेलाच नाही. तुमच्या गुडघ्याचा निर्णय तुमच्या सर्जनबरोबर बसूनच घ्यायचा, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे माहीत असलं तरी खूप फरक पडतो.

पार्शल म्हणजे नक्की काय बदलतात?

गुडघा बाहेरून एकच सांधा वाटतो पण आत तीन कप्पे असतात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे एकमेकांवर टेकतात तिथे आतल्या बाजूचा एक, बाहेरच्या बाजूचा एक, आणि समोर वाटी जिथे मांडीच्या हाडावरून घसरते तो तिसरा. झीज यातल्या एकाच कप्प्यात असेल तर तेवढाच बदलायचा, बाकीचे दोन आणि मधली लिगामेंट्स, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, जशीच्या तशी ठेवायची, याला पार्शल म्हणतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची गोलसर टोपी बसते, नडगीच्या हाडाच्या माथ्यावर धातूची छोटी प्लेट, आणि दोन्हींच्या मधे प्लास्टिकची गादी. पुष्कळ लोकांना वाटतं की हाड अख्खं काढून दुसरं घालतात, तसं अख्खा सांधा बदलतात त्या टोटलमध्येही नसतं, काही मिलिमीटरचा थर तेवढा निघतो.

मग टोटलपेक्षा यात वेगळं काय, फक्त आकार लहान?

नाही, खरा फरक लिगामेंटचा आहे. गुडघ्याच्या मध्यभागी दोन लिगामेंट्स एकमेकांना फुलीसारखी छेदून जातात, त्यातलं पुढचं म्हणजे एसीएल. बहुतेक सगळ्या टोटल डिझाइनमध्ये ते कापून काढावं लागतं आणि त्याचं काम इम्प्लांटच्या आकारावर सोपवावं लागतं. पार्शलमध्ये ते शाबूत राहतं, त्यामुळे वाकताना हाड कसं सरकायचं, कुठे वळायचं हे गुडघा स्वतःच ठरवतो, जसं आधी ठरवत होता. म्हणून ज्यांच्या एका पायाचं टोटल आणि दुसऱ्याचं पार्शल झालंय त्यातले बरेच जण सांगतात की पार्शलवाला पाय "आपला" वाटतो.

झीज एकाच बाजूला का होते? सगळा गुडघा एकत्र का झिजत नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे कारण पार्शलचं अख्खं शास्त्र याच्यावर उभं आहे.

चालताना गुडघ्यावरचा भार दोन बाजूंना सारखा वाटला जात नाही, आतल्या कप्प्यावर साधारण साठ ते सत्तर टक्के पडतो. पाय थोडे धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर अजूनच जास्त. मग आतली कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण झिजतं, ते झिजलं की पाय अजून वाकतो, वाकला की भार अजून वाढतो, आणि बाहेरचा कप्पा मात्र वर्षानुवर्षं जवळजवळ नव्यासारखा राहतो.

पण आतल्या कप्प्यातही झीज सगळीकडे नसते. १९९१ साली ऑक्सफर्डच्या व्हाइट, लुडकोव्स्की आणि गुडफेलो यांनी ऑपरेशनमध्ये निघालेले नडगीच्या हाडाचे तुकडे तपासून दाखवलं की एसीएल शाबूत असेल तर खड्डा पुढच्या आणि मधल्या भागात पडतो, मागची कूर्चा चांगली राहते. आता याचा अर्थ बघा, पाय सरळ केला की हाडावर हाड घासतं म्हणून उभं राहिल्यावर आणि चालताना ठणकतं, पण पाय वाकवला की मांडीचं हाड मागच्या चांगल्या कूर्चेवर जातं, तिथे उंची पूर्ण आहे, त्यामुळे आतल्या बाजूचं लिगामेंट दर वेळी वाकवताना पूर्ण लांबीला ताणलं जातं आणि आखडत नाही. म्हणूनच वाकडा झालेला पाय हाताने दाबून सरळ करता येतो, आणि झिजलेल्या जागेत योग्य जाडीची गादी भरली की लिगामेंट परत आपल्या मूळ ताणावर येतं, काही सोडवावं कापावं लागत नाही. एसीएल गेलं की मात्र खड्डा मागे पसरतो, लिगामेंट आखडतं, आणि मग हे गणित बसत नाही.

माझ्या गुडघ्याला चालेल का हे कसं ठरतं?

साधारण चार गोष्टी बघतात. झिजलेल्या कप्प्यात हाडाला हाड टेकलंय का, एसीएल काम करतंय का, बाहेरच्या कप्प्यात पूर्ण जाडीची कूर्चा आहे का, आणि वाकडेपणा दाबून सरळ होतो का. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर तो किती अडकतो हेही बघतात, थोडं चालतं, जास्त नाही. संधिवाताचा आमवातासारखा प्रकार असेल, म्हणजे शरीरच सांध्यांवर हल्ला करतंय असा, तर पार्शल नाही करत कारण तो आजार उरलेल्या कप्प्यांना सोडणार नाही.

एक्स-रेबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आईचा पहिला एक्स-रे टेबलावर झोपवून काढला होता, त्यात हाडांच्या मधे फट दिसत होती, म्हणून "झीज थोडीच आहे, वजन कमी करा" असं सांगून परत पाठवलं आणि त्यानंतर दीड वर्षं ती गोळ्या खात जिना एकेक पायरी चढत राहिली. दुसऱ्या ठिकाणी गेलो तिथे उभं करून काढला, आणि आतल्या बाजूला फट नव्हतीच, हाड हाडावर बसलेलं. गुडघा तोच, फक्त अंगाचा भार पडल्यावर काढलेला फोटो. मग तिथल्या डॉक्टरांनी शिशाचे जाड हातमोजे घालून तिचा गुडघा थोडा वाकवून बाहेरून आत दाबून धरला आणि तसाच अजून एक काढला, त्यात आतली फट उघडली आणि बाहेरचा कप्पा दाबला जाऊनही छान रुंद दिसत होता. त्या एका फोटोत दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, वाकडेपणा सरळ होतो आणि बाहेरची कूर्चा शाबूत आहे. म्हणून झोपून काढलेल्या एक्स-रेवर कुणी काही ठरवत असेल तर नम्रपणे उभा एक्स-रे मागा.

एमआरआय लागतोच का?

प्रत्येकाला नाही. बऱ्याच वेळा नीट काढलेले एक्स-रे आणि हाताने केलेली तपासणी पुरते. एसीएलबद्दल शंका असेल तर एमआरआय करतात, आणि शेवटची खात्री तर ऑपरेशनच्या टेबलावरच होते, उघडून बघितल्यावर. म्हणून सर्जन आधीच सांगतात की आत वेगळं काही दिसलं तर टोटल करू, ती संमती आधी घेऊन ठेवतात. आम्हाला हे ऐकून धक्का बसला होता, पण ते बरोबरच आहे.

वय आणि वजनाची अट आहे म्हणतात?

ही अट १९८९ सालची आहे. कोझिन आणि स्कॉट या दोघा अमेरिकन सर्जननी तेव्हा लिहिलं की पेशंट साठीच्या पुढचा हवा, वजन ८२ किलोच्या आत हवं, अंगमेहनतीचं काम नको, वाटीमागे झीज नको. त्या वेळच्या इम्प्लांटचे निकाल बघता ते सावधपणाचंच होतं. पण पुढे ऑक्सफर्डच्या गटाने आपले हजारभर गुडघे या अटींच्या चाळणीतून बघितले आणि अट मोडलेल्यांचे निकाल वाईट नव्हते. आज बरेच सर्जन वय किंवा काट्यावरचा आकडा एवढ्यावरून नाही म्हणत नाहीत. वाटीच्या आतल्या बाजूची थोडी झीजही चालते, बाहेरच्या बाजूला हाडावर खाचा पडलेल्या असतील तर मात्र नाही. फिक्स बेअरिंग, म्हणजे प्लेटला पक्की बसवलेली गादी, वापरणारे काही जण वजनाची अट अजून पाळतात, त्यामुळे दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली तर गोंधळू नका, कारण विचारा.

हे इम्प्लांट कधी निघालं? नवीन आहे का?

अजिबात नवीन नाही, कल्पना आजच्या पद्धतीच्या टोटलइतकीच जुनी आहे, खरं तर थोडी आधीचीच.

१९५० च्या दशकात टोरांटोमध्ये डेव्हिड मॅकिंटॉश यांनी झिजलेल्या बाजूला दोन हाडांच्या मधे नुसती एक चकती सरकवायला सुरुवात केली, आधी ॲक्रिलिकची, मग धातूची. ती कशानेच चिकटवलेली नसायची, लिगामेंटच्या ताणावर जागच्या जागी राहायची. याच मॅकिंटॉशांचं नाव पुढे एसीएलच्या तपासणीतही आलं, म्हणजे लिगामेंटचा ताण हा विषय त्यांच्या हातात मुरलेला होता. त्याच सुमारास ह्युस्टनला डंकन मॅकीव्हर यांनी धातूची प्लेट केली आणि तिला खाली एक पातं दिलं, ते हाडात रुतून बसायचं. या दोन्हींत फक्त नडगीची बाजू बदलली जायची, वरचं मांडीचं हाड तसंच धातूवर घासत राहायचं.

मोठा बदल १९६८ च्या आसपास झाला. फ्रँक गन्स्टन हे कॅनडाचे सर्जन इंग्लंडमध्ये रायटिंग्टनला जॉन चार्नली यांच्याकडे काम करत होते, खुब्याचा सांधा बदलण्याची आजची पद्धत ज्यांनी घालून दिली तेच चार्नली. धातू, पॉलिएथिलिन नावाचं प्लास्टिक आणि बोन सिमेंट हे त्रिकूट तिथे खुब्यासाठी तयारच होतं, गन्स्टननी ते गुडघ्यात आणलं, मांडीच्या हाडात धातूच्या अर्धगोल पट्ट्या आणि त्या घसरायला नडगीत प्लास्टिकच्या खोबणी. १९६९ ला हॅम्बुर्गमध्ये सेंट जॉर्ज स्लेज नावाचं पार्शल इम्प्लांट आलं, आणि १९७२ ला अमेरिकेत लिओनार्ड मार्मोर यांनी मॉड्युलर गुडघा काढला ज्यात प्लास्टिक वेगवेगळ्या जाडीचं मिळायचं म्हणजे सर्जनला लिगामेंट बघून जाडी निवडता यायची. मार्मोरांनाच पुढे कळलं की सगळ्यात पातळ, सहा मिलिमीटरवाला तुकडा दबून जातो आणि सैल होतो.

मग मधल्या काळात पार्शल बदनाम का झालं?

कारण चुकीच्या गुडघ्यांत घातलं गेलं आणि प्लास्टिक वाईट निघालं, माझं स्पष्ट मत आहे.

न्यूयॉर्कच्या जॉन इन्सॉल यांनी १९७६ आणि १९८० मध्ये आपल्या पार्शलच्या पेशंटचे निराशाजनक निकाल छापले, आणि इन्सॉल म्हणजे टोटल कंडायलर नीच्या, आजच्या टोटलचा पाया ठरलेल्या डिझाइनच्या, जनकांपैकी एक, त्यांचा शब्द जड होता. टोटलचे निकाल त्याच वेळी सुधारत चालले होते, त्यामुळे बहुतेकांनी पार्शल सोडूनच दिलं. पण तेव्हा एसीएल आहे का नाही याकडे फार लक्ष नव्हतं. आणि पाय वाकडा आहे तर तो एकदम सरळ, किंवा थोडा उलट्या बाजूला झुकवून ठेवायची सवय होती, कारण आधी हाड कापून पाय सरळ करायच्या ऑपरेशनमध्ये तसंच करायचे. पार्शलमध्ये असं केलं की सगळा भार चांगल्या बाजूवर जातो आणि ती काही वर्षांत झिजते. आता नियम उलटा आहे, पाय जसा जन्माला तसा ठेवायचा, थोडा वाकलेला राहिला तरी चालेल.

प्लास्टिकचं म्हणाल तर ऐंशीच्या दशकात प्लास्टिकखाली धातूची प्लेट द्यायला लागले, ती कल्पना चांगली, पण तेवढ्याच जागेत धातू आला म्हणून प्लास्टिक पातळ झालं. शिवाय ते निर्जंतुक करायला हवेत ठेवूनच गॅमा किरण द्यायचे. त्याने प्लास्टिकचे रेणू तुटायचे आणि हवेतला ऑक्सिजन त्यांना चिकटायचा, तुकडा जितके दिवस खोक्यात पडून तितका तो आतून ठिसूळ व्हायचा. म्हणजे डिझाइन तेच, सर्जन तोच, पण कुणाला ताजा तुकडा मिळाला आणि कुणाला जुना, एवढ्यावर गुडघ्याचं आयुष्य ठरत होतं. नव्वदच्या दशकात हे नीट कळलं आणि मग ऑक्सिजन काढून पॅकिंग करायला लागले.

ऑक्सफर्ड नी, ऑक्सफर्ड नी म्हणतात ते काय?

सर्जन जॉन गुडफेलो आणि इंजिनिअर जॉन ओ'कॉनर, दोघे ऑक्सफर्डचे, यांनी सत्तरच्या दशकात एक साधा प्रश्न धरला. गोल टोपी सपाट प्लास्टिकवर टेकली की स्पर्श एका ठिपक्याएवढ्या जागेवर होतो, सगळा भार त्या ठिपक्यावर, प्लास्टिक लवकर झिजणार. प्लास्टिकला टोपीच्या मापाची वाटी केली तर स्पर्श मोठा होतो, पण मग हाडाला पुढेमागे सरकता येत नाही, ते प्लास्टिकला धक्के देऊन सैल करतं. त्यांनी काय केलं तर प्लास्टिक कशालाच चिकटवलं नाही. वरून टोपीच्या मापाची वाटी, खालून सपाट, आणि खालची धातूची प्लेटही सपाट. टोपी वाटीत फिरते आणि वाटी प्लेटवर सरकते, जशी आपली मूळची अर्धचंद्राची गादी सरकते तशीच.

आईच्या सर्जननी टेबलावर ठेवलेला डेमोचा तुकडा मी हातात घेऊन बघितला होता. साधारण खोडरबराएवढा, पांढरा, मधे खोलगट, पुढची कड मागच्यापेक्षा उंच म्हणजे निसटायला नको म्हणून. बोटाने ढकलला की प्लेटवरून अगदी आवाज न करता सरकतो. अशी रचना असल्यामुळे हे प्लास्टिक तीन-साडेतीन मिलिमीटर पातळ असलं तरी चालतं, आणि वर्षाला झीज मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावी लागते.

गंमत अशी की १९७६ ला हे पहिल्यांदा वापरलं तेव्हा दोन्ही कप्प्यांत घालायचे, टोटलसारखं. फक्त एका कप्प्यात वापरायला सुरुवात १९८२ ला झाली, कारण तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं की ज्यांचं एसीएल शाबूत होतं त्यांचेच गुडघे टिकतायत. १९८७ ला दुसरी आवृत्ती आली, त्यात मांडीचं हाड गिरमिटासारख्या हत्याराने एकेक मिलिमीटर तासता यायला लागलं म्हणजे सरळ पायात आणि वाकलेल्या पायात लिगामेंटचा ताण सारखा आणता यायला लागला. १९९८ ला तिसरी, लहान छेदातून करायची. अमेरिकेत तिला २००४ मध्ये परवानगी मिळाली.

फिक्स बेअरिंग चांगलं की मोबाईल?

दोन्हींचे चांगल्या हातातले निकाल जवळजवळ सारखेच येतात. मोबाईलमध्ये, म्हणजे ऑक्सफर्डसारख्या सरकत्या गादीत, झीज कमी पण गादी निसटायची शक्यता असते, फिक्समध्ये गादी निसटत नाही पण प्लास्टिक जाड लागतं आणि लांबच्या काळात झीज जास्त. तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते घ्या.

कशाचं बनवलेलं असतं? धातूची ॲलर्जी असेल तर?

टोपी बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमची, प्लेट कोबाल्ट-क्रोम किंवा टायटेनियमची, गादी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनची. कोबाल्ट-क्रोममध्ये थोडं निकेल असतं, त्यामुळे नकली दागिन्यांनी कातडीवर पुरळ येत असेल तर आधी सांगा, टायटेनियम नायट्राइडचा मुलामा दिलेले किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचे पर्याय असतात. गुडघ्याच्या आत ॲलर्जीने नक्की किती त्रास होतो यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही.

सिमेंटने बसवतात का सिमेंटशिवाय?

दोन्ही. सिमेंट म्हणजे ॲक्रिलिकचं, कणकेसारखं मळून लावतात आणि काही मिनिटांत घट्ट होतं. सिमेंटशिवायच्या इम्प्लांटला आतून सच्छिद्र टायटेनियमचा थर आणि वर हाडातल्याच खनिजाचा, हायड्रॉक्सीॲपेटाइटचा मुलामा असतो, हाड त्यात वाढून धरतं. याचा एक मोठा फायदा आहे. सिमेंटवाल्या प्लेटखाली एक्स-रेत बारीक काळी रेघ दिसते, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, पण दुखतंय म्हणून गेलेल्या पेशंटचं इम्प्लांट "सैल झालंय" असं समजून कित्येक चांगले गुडघे उघडले गेलेत. सिमेंटशिवायच्यात ती रेघ क्वचितच दिसते. उलट बाजू अशी की प्लेट ठोकून बसवताना नडगीच्या हाडाला चीर जाण्याचा धोका थोडा जास्त, विशेषतः हाडं लहान किंवा ठिसूळ असतील तर.

किती वर्षं टिकतं?

इथे नीट वाचा कारण आकडे फसवतात.

१९९८ मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी आपल्या १४३ गुडघ्यांचा हिशोब दिला, दहा वर्षांनी ९८ टक्के इम्प्लांट जागेवर. पण अख्ख्या देशाच्या नोंदणीत, म्हणजे सगळ्या सर्जननी केलेली सगळी ऑपरेशनं मोजली तर इंग्लंड-वेल्समध्ये दहा वर्षांत साधारण दहातलं एक पार्शल परत करावं लागतं, आणि टोटल त्याच्या निम्म्याहून कमी वेळा. मग कुणाचं खरं? दोन्ही.

एक कारण म्हणजे हात. नोंदणीच्या आकड्यांतून दिसतं की जे सर्जन आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनपैकी निदान २० टक्के पार्शल करतात त्यांचे निकाल बरेच चांगले येतात, आणि वर्षाला दोन-चारच करणाऱ्यांचे वाईट. त्यात फक्त हातसफाईचा प्रश्न नाही, कमी करणारे सर्जन बऱ्याचदा पार्शल कुणाला देतात तर ज्याची झीज थोडीच आहे त्याला, "लहान आजार लहान ऑपरेशन" असं समजून, आणि नेमके तेच पेशंट नंतर दुखतं म्हणून परत येतात. हाडाला हाड टेकलेलं असेल तरच पार्शल, ही अट उलटी वाटते पण अनुभवाने आलेली आहे.

दुसरं कारण, पार्शल बदलून टोटल करणं तुलनेने सोपं, म्हणून दुखलं की सर्जन लवकर तयार होतात. टोटल बदलणं अवघड म्हणून तिथे थांबा म्हणतात. न्यूझीलंडच्या नोंदणीवरून २०१० मध्ये गुडफेलो, ओ'कॉनर आणि मरे यांनी दाखवलं की ज्यांचा गुडघा ऑपरेशननंतरही फारच वाईट अवस्थेत होता त्यातल्या पार्शलवाल्यांपैकी ६३ टक्क्यांचं परत ऑपरेशन झालं आणि टोटलवाल्यांपैकी फक्त १२ टक्क्यांचं. म्हणजे ८८ टक्के टोटलवाले तेवढंच दुखणं घेऊन बसले होते पण कागदावर त्यांचं इम्प्लांट "टिकलेलं". हे वाचलं त्या दिवसापासून मी नुसत्या टिकण्याच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

जिवाला धोका कशात कमी?

पार्शलमध्ये. २०१४ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या नोंदणीतल्या एक लाखाहून जास्त, एकमेकांशी जुळवलेल्या पेशंटचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. मृत्यू, हार्ट अटॅक, स्ट्रोक, रक्ताची गुठळी, रक्त चढवावं लागणं, सगळं पार्शलमध्ये कमी. इम्प्लांट बदलावं लागणं मात्र साधारण दुप्पट. त्यांचाच हिशोब असा होता की टोटलच्या १०० पेशंटना पार्शल केलं असतं तर चार वर्षांत एक मृत्यू कमी झाला असता आणि तीन पुन्हा-ऑपरेशनं वाढली असती. वयस्कर, हृदयाचा त्रास असलेल्या माणसासाठी ही तुलना घरच्यांनी शांतपणे बसून करायला हवी.

नंतर टॉपकॅट नावाची चाचणी झाली, ब्रिटनमधल्या २७ हॉस्पिटलांत ५२८ पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखं काहींना पार्शल काहींना टोटल. २०१९ ला पाच वर्षांचे निकाल आले, दुखणं आणि हालचाल दोन्हीकडे सारखीच सुधारली, आणि खर्चाच्या हिशोबात पार्शल सरस ठरलं.

रोबोने केलं तर चांगलं होतं का?

हाड अचूक कापलं जातं हे नक्की. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या २००६ च्या छोट्या चाचणीत रोबोने केलेले १३ पैकी १३ गुडघे ठरवलेल्या कोनाच्या दोन अंशांच्या आत बसले, हाताने केलेल्या १५ पैकी फक्त सहा. त्याच वर्षी मेको रोबोनेही पार्शल सुरू झालं, त्यात हत्यार सर्जनच्याच हातात असतं पण आखलेल्या हद्दीच्या बाहेर गेलं की रोबो अडवतो. पण कुणाला पार्शल द्यायचं हे रोबो ठरवत नाही, आणि वर लिहिलंय त्याप्रमाणे अर्धी लढाई तिथेच असते. वर्षाला शंभर करणारा सर्जन हाताने करत असेल तर मी निःशंकपणे त्याच्याकडे जाईन.

ऑपरेशन किती वेळाचं असतं, चालता कधी येतं?

तासभर, सव्वा तास. छेद वाटीच्या आतल्या कडेने, टोटलच्या साधारण निम्मा. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. आईने त्याच संध्याकाळी वॉकर धरून बाथरूमपर्यंत मजल मारली, चेहरा पांढराफटक पडलेला पण गेली. दोन-तीन आठवड्यांत काठी सुटली. सहा आठवड्यांनी गाडी चालवणं, जिने वगैरे जमायला लागतं. सूज मात्र तीन-चार महिने संध्याकाळी येत राहते, पोटरीपर्यंत निळंजांभळं उतरतं, ते बघून घाबरू नका. पोटरी एकदम दुखायला लागली, गरम झाली किंवा धाप लागली तर लगेच हॉस्पिटल गाठा, ती गुठळी असू शकते.

गुडघे टेकता येतात का? उकिडवं बसता येतं का?

वाकणं टोटलपेक्षा सहसा जास्त राहतं. गुडघे टेकल्याने इम्प्लांटचं काही बिघडत नाही, पण जखमेशेजारची कातडी बधिर झालेली असते म्हणून विचित्र वाटतं, जाड उशी घेऊन हळूहळू सवय करतात. मोबाईल बेअरिंग असेल तर खूप खोल वाकताना पाय पिळला जाणार नाही याची काळजी घ्यायला सांगतात.

काय काय बिघडू शकतं?

इन्फेक्शन आणि गुठळी, कुठल्याही सांधेबदलात असतात तशी, पण टोटलपेक्षा कमी. मोबाईल गादी निसटली तर एकदम खटकन अडकतं आणि पाय टेकवत नाही, बहुतेक वेळा जाड गादी घालून निभावतं. नडगीला चीर जाते ती पहिल्या काही आठवड्यांत. वर्षानुवर्षांनी बाहेरचा कप्पा झिजू शकतो, मग टोटल करतात. आणि एक दुखणं असतं ज्याने लोक हवालदिल होतात, प्लेटच्या थोडं खाली आतल्या बाजूला बोट ठेवलं की दुखतं. हाड नव्या भाराशी जुळवून घेत असतं, बऱ्याच जणांचं वर्ष-दीड वर्षात आपोआप जातं. त्या काळात कुणी घाईने "बदलून टाकू" म्हणालं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

बाहेरच्या कप्प्याचं किंवा फक्त वाटीचं पार्शल होतं का?

होतं, पण दुर्मिळ. बाहेरचा कप्पा पार्शलमध्ये दहातला एखादा. तिथलं लिगामेंट वाकताना सैल पडतं म्हणून मोबाईल गादी जास्त निसटायची, बहुतेक जण तिथे फिक्सच घालतात. वाटीचं पार्शल फक्त वाटीमागेच झीज असलेल्यांना, त्याचे निकाल अजून आतल्या कप्प्याइतके पक्के नाहीत.

हाड कापून पाय सरळ करायचं ऑपरेशन सांगितलंय, ते करू का पार्शल?

तरुण वय, धावपळीचं काम, झीज अर्धवट आणि नडगीचं हाडच मुळात वाकडं असेल तर ते चांगलं, कारण सांधा आपलाच राहतो. झीज पूर्ण झाली असेल तर पार्शल. दोन्ही ऑपरेशनं एकामागे एक करायची म्हटली तर हाड कापून झाल्यावर नंतर पार्शल करणं अवघड होतं, त्यामुळे क्रम विचार करून ठरवा.

दोन्ही गुडघे एकदम करतात का?

तब्येत चांगली असेल तर करतात, पार्शलमध्ये रक्त कमी जातं म्हणून टोटलपेक्षा सोपं पडतं. हृदयाचा त्रास असेल तर काही आठवड्यांच्या अंतराने.

सर्जनला काय विचारू?

वर्षाला किती पार्शल करता आणि तुमच्या सगळ्या गुडघ्यांत त्याचं प्रमाण किती, हे पहिलं. माझं एसीएल शाबूत आहे हे कशावरून म्हणता. बाहेरच्या कप्प्याचा दाबून काढलेला एक्स-रे दाखवाल का. कुठलं इम्प्लांट घालणार आणि का. आत गेल्यावर विचार बदलला तर काय कराल. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही, आईच्या सर्जननी तर कागदावर गुडघा काढून दाखवला.

डिस्चार्जच्या वेळी काय जपून ठेवायचं?

इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर. टोपी, प्लेट, गादी प्रत्येकाचा वेगळा स्टिकर असतो, त्यावर माप, लॉट नंबर आणि बाजू लिहिलेली असते. डिस्चार्जच्या फाइलमध्ये ते चिकटवलेत का बघून घ्या, नसतील तर मागून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी गादी बदलायची वेळ आली तर नव्या सर्जनला नेमकी तीच माहिती लागते, आणि तोवर जुन्या फाइल सापडतीलच असं नाही. आईच्या गादीवर चार मिलिमीटर लिहिलंय, तो फोटो मी घरातल्या सगळ्यांना पाठवून ठेवलाय.